पळते झकास, उभी राहत नाही

कुणीतरी त्या स्क्रूला हात लावलाय. मी नाव घेत नाही, मला नाव घ्यायचंही नाही, पण कार्बोरेटरच्या बाजूचा तो पितळी स्क्रू काल मी जिथे ठेवला होता तिथे आज नव्हता, आणि स्क्रू काही आपणहून फिरायला जात नाहीत... हे मी शुक्रवारी सकाळी सगळ्यांसमोर म्हणाले, आणि म्हणाले नसते तर बरं झालं असतं.

तुम्हाला सांगते, गाडी माझ्या जन्माच्या आधीची. मागे इंजिन, आत झोपायची सोय, अशी जुनी कॅम्परव्हॅन आत्याच्या गॅरेजमध्ये धूळ खात पडली होती. मी, दादा, वहिनी आणि माझी मैत्रीण, अशा चौघांनी तिच्यातला पलंग उपटला, फळ्या ठोकल्या, चारशे पुस्तकं लावली. दर शनिवारी टेकडीवरच्या वृद्धाश्रमात फिरतं वाचनालय न्यायचं! माणसांनी किती दिवस पुस्तकांपर्यंत जायचं, आता पुस्तकांनी माणसांपर्यंत गेलं पाहिजे, असं भाषण मी तिथल्या व्यवस्थापक बाईंसमोर केलं. बाईंना पटलं. गाडीला पटलं नाही.

म्हणजे पळते झकास, उभी राहत नाही. रस्त्याला लागली की तक्रार नाही. सिग्नलला थांबलात की थरथर, धडधड, एक आचका, आणि बंद. मग स्टार्टर मारा, मागचे हॉर्न ऐका. टेकडीपर्यंत सिग्नल किती? सात! पहिल्या शनिवारी तिसऱ्या सिग्नलवरून ढकलत परत आणली, पुढच्या शनिवारी दुसऱ्यावरून. प्रगती बघा. बाई फोनवर अगदी शांतपणे म्हणाल्या, "लोक इस्त्रीचे कपडे घालून दारात खुर्च्या टाकून बसतात हो. येत्या शनिवारी शेवटचं. परत मी त्यांना असं बसवणार नाही."

मग आम्ही काय केलं? बैठक घेतली. आमच्यात सगळं बहुमताने ठरतं, तत्त्व आहे ते माझं. दादा म्हणे प्लग गेलेत. वहिनी म्हणे, "कार्बोरेटरमध्ये कचरा असणार, तुझ्या दादाच्या डोक्यासारखा." मैत्रिणीने आयुष्यात सायकलची चेन बसवली नाहीये, ती म्हणाली, मला वाटतं तिला ताण आलाय. मतदान झालं, तीन विरुद्ध एक, कार्बोरेटर. उघडला, धुतला, बसवला... पळते झकास, उभी राहत नाही. मग प्लग बदलले, पॉइंट बदलले, टायमिंग हलवलं, सगळं एका दुपारी, कारण एकेक करून बघत बसायला वेळ कुणाला आहे?

शेवटी शुक्रवारी आत्याने तिचे म्हातारे मेस्त्री पाठवले. ते आले तेव्हा माझा स्क्रूचा खटला ऐन रंगात होता. त्यांनी एकच विचारलं, इंजिन मरू नये म्हणून हा स्क्रू कुणी कुणी पिळला? दादाने अर्धा फेरा. वहिनीने पाव. मैत्रिणीने "अगदी हळू". आणि... मी. रोज.

"तापाचं कारण सोडून चौघं थर्मामीटर झटकत बसलात," मेस्त्री म्हणाले.

मग त्यांनी सगळे स्क्रू मूळ जागी आणले, दादाला पेडलवर पाय ठेवून इंजिन जेमतेम चालू ठेवायला लावलं, हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानाला, दुसरं इंजिनवर इथे, तिथे, पुन्हा इथे... वीस मिनिटं! मी तोंड उघडलं की ते बोट वर करत. आणि मग कार्बोरेटरच्या खाली थांबले, नळी माझ्या कानाला लावली, म्हणाले ऐक. बारीक शीळ. बोटाएवढ्या एका जुन्या पाइपला खालून चीर, आणि तिथून फुकटची हवा आत! त्यांनी चिरेवर अंगठा ठेवला आणि इंजिन मांजरासारखं गुरगुरायला लागलं. अंगठा काढला, धडधड. त्या पाइपवर आमचं मतदानच झालं नव्हतं.

नवा तुकडा बसवला. शनिवारी सातही सिग्नल लाल मिळाले आणि सातही ठिकाणी ती उभी राहिली. दारात खुर्च्या होत्या, इस्त्रीचे कपडे होते. मी इंजिन चालूच ठेवलं. का ठेवू नये? बघा म्हटलं, उभी आहे, पाच मिनिटं झाली, दहा झाली, अजून उभी आहे... चांगलं भाषण झालं माझं. तेवढ्यात काठी टेकत एक आजी आत चढल्या, एक जाडजूड कादंबरी काढली, दोन ओळी वाचल्या, आणि माझ्या खिडकीशी आल्या.

"अक्षरं हलतात गं. गाडी उभी केली की बंद करतात, एवढं शिकवलं नाही का कुणी?"