मधोमध भिंत

...आणि त्या आठवड्यात झोप कशी लागणार होती, सांगा ना. डोळे मिटले की तेच पाणी दिसायचं, मधोमध थबकलेलं. शेजारी नवरा निवांत घोरत असायचा, कारण त्याच्या आयुष्यात पाणी नळातून येतं आणि बादलीत पडतं. मला मात्र एकच घोर लागलेला, की सोमवारी साहेब माझी नळी उचलून त्या गुळगुळीतला देणार.

गुळगुळीत म्हणजे आमच्या ऑफिसातली नवी मुलगी. नाव मीच ठेवलंय, मनातल्या मनात. तिचे आलेख गुळगुळीत, केस गुळगुळीत, साहेबांशी बोलणंही गुळगुळीत. आणि मी? माझी लेक चार वर्षांची झाली, तरी ऑफिसात मी अजून 'रजेवरून आलेली'. मी जळत नाही हं. नुसतं सांगते.

तर तुम्हाला सांगते, काम असं. फवाऱ्याच्या नळीतून पाणी कसं वाहील ते संगणकावर आधीच काढून बघायचं. नळी गोल, म्हणून कुणी अख्खी काढत बसत नाही. मधली रेघ आणि तिच्या वरचा एक काप द्यायचा, तो काप त्या रेघेभोवती गोल फिरलाय असं संगणक आपलं आपण धरून चालतो. सोपं आहे. म्हणजे गुळगुळीतला सोपं आहे. माझं पाणी जिथं सगळ्यात जोरात पळायला हवं, नेमकं तिथंच, मधोमध, उभं. बाकीचं कडेकडेनं सटकतंय, समोरून नको असलेला नातेवाईक आल्यावर आपण सटकतो ना, तसं.

काय नाही केलं मी? त्या कापावरची, हिशेबाच्या चौकोनांची जाळी आणखी बारीक विणली, तर तीच चूक आणखी ठसठशीत दिसायला लागली. वेग कमी केला, वाढवला. प्रोग्राम काढून परत टाकला. शेवटी संगणकाशी गोड बोलून पाहिलं. तेवढ्यात साहेबांचा फोन, "अहो, घाई नाही, पण नाहीच जमलं तर तिला देऊ या. ती मोकळी असते." मोकळी असते... म्हणजे मी काय बांधलेली असते? आता होते खरी त्या दिवशी, कारण पाळणाघर बंद, लेक मांडीवर आणि तिच्या नाकाला धार.

तर साहेबांनी तिला माझ्या घरीच धाडली. मदतीला म्हणे. आली, चपला काढल्या, आणि संगणकाकडे न बघता लेकीला विचारते, "तुझ्या बाहुलीचा दुसरा बूट कुठंय गं?" की दोघी पलंगाखाली. बूट सापडला. घर माझं, पलंग माझा, बूट हिला सापडला. मी जळत नाही, नुसतं सांगते.

मग उभ्याउभ्याच पडद्यावर एक नजर टाकली आणि म्हणाली, "ताई, मधली रेघ म्हणजे अक्ष, हे याला सांगितलंय ना?"

नव्हतं सांगितलं. आणि ज्या कडेबद्दल तुम्ही काही सांगत नाही, तिला हा प्रोग्राम खुशाल भिंत समजतो. म्हणजे माझ्याच नळीच्या मधोमध भिंत घालून मी आठवडाभर पाण्याला बोल लावत होते.

"माझंही पहिल्यांदा असंच झालं होतं," म्हणे. साफ खोटं, हिचं असं होऊच शकत नाही. रेघेला अक्ष केलं, पाणी सुटलं, चहा होईतो आलेख असा अलगद उतरला, अगदी... जाऊ दे, तो शब्द मी वापरणार नाही. आणि वर हिनं माझ्यासमोर साहेबांना फोन लावला, "सर, ताईंना चूक सापडली." ताईंना. राग धरायचीसुद्धा सोय ठेवली नाही हो बाईनं. साहेब खूश, नळी माझ्याकडेच राहिली, पण राहिली हिच्या कृपेनं, आता हे कुणाला सांगू?

ती निघाली तर लेकीनं दारात भोकाड पसरलं. मी नाक पुसलं, जवळ घेतलं आणि, विचारू नये ते विचारलंच, "काय गं, तुला आई जास्त आवडते की ही मावशी?"

रडू थांबवून तिनं नीट विचार केला. मग मला समजावल्यासारखं म्हणाली, "तू तर आई आहेस. आवडते मावशी."