यीस्टला मज्जाव

बिअर करण्याचा छंद असलेला मनुष्य कतारमध्ये काय करतो, ते आमच्या कुलकर्ण्यांकडे पाहावे. अल हिलालमधल्या फ्लॅटमध्ये ते जवाच्या माल्टचा काढा करीत, त्यात बिअरला कडूपणा देणारी निरनिराळी फुले, म्हणजे हॉप्स, उकळून चाखीत आणि पसंत पडलेली कृती जर्मनीतल्या भावाला कळवीत. बिअर तो करी. इथे घरी मद्य करणे गुन्हा. व्हिसा जाईल या धास्तीने कुलकर्ण्यांनी काढा आंबवून त्याची दारू करणारे यीस्ट कधी घरात आणले नाही.

एकदा संत्र्याच्या वासाचे हॉप्स चाखायला त्यांनी आम्हाला बोलावले. झाकण काढले, तर पातेल्यात बोटभर फेस.

"आई, यात काय घातलंस?"

नाशिकहून आलेल्या त्यांच्या आई शांतपणे म्हणाल्या, "काल फुगलं नव्हतं. म्हटलं, आंबवायला विसरलास. डावभर इडलीचं पीठ घातलं."

कुलकर्ण्यांनी पातेले सिंकमध्ये उपडे केले, तीनदा घासले, खिडक्या उघडल्या.

"खलास. कुणी काही पाहिलेलं नाही," ते आम्हाला म्हणाले.

"सगळं ओतलंस?" आई हळहळल्या. "दुपारी वाटीभर घेतलं होतं मी. कडू होतं, पण गुडघा दुखायचा राहिला. आता रोज करत जा."