खिळा की टाचणी

(इस्पितळाचा बोळ. क्ष-किरण खोलीच्या बंद दाराबाहेर एक लांब बाक. एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला बायको.)

बायको : ...आणि हे मी एकदाच सांगते. फोटोत खिळा निघाला, तर पोरीला घेऊन मी इथूनच भावाकडे जाते. घरी चप्पल बदलायलासुद्धा येणार नाही.

नवरा : आणि टाचणी निघाली तर?

बायको : टाचणी निघणार नाही.

नवरा : निघाली तर तुझं मशीन घराबाहेर. मशीन, गिऱ्हाइकं, चिंध्या, सगळं.

बायको : त्याच चिंध्यांनी तुमची पॉलिशं पुसली जातात.

नवरा : हळू बोल. लोक बघतायत.

बायको : बघू देत. गल्ली रोज ऐकते, इस्पितळाने एकदा ऐकलं म्हणून काय बिघडतं?

नवरा : पोर गळ्यावर हात धरून कुठं आली? तुझ्या खोलीत. मग गिळलं कुठलं?

बायको : आली माझ्याकडे, पण तुमच्या खोलीतून आली. मी एका बाईच्या अंगावर झगा बेतत होते.

नवरा : तोंडात टाचण्या धरून.

बायको : हो, धरून. दोन्ही हातांत कापड असतं, तिसरा हात देवाने दिला नाही. तुम्ही काय खिळे खिशात ठेवता? ओठांत धरता. मिशीत कुसळं अडकल्यासारखे दिसता.

नवरा : सुतार असेच धरतात. माझा बाप धरायचा. मला कुणी शिकवलं नाही, बघून बघून आलं.

बायको : मग तिला तरी कुणी शिकवलं?

नवरा : ती दिवसभर तुझ्या मागे मागे असते. बाहुलीला टेप लावते, तुझ्यासारखीच मान वाकडी करते आणि म्हणते, ‘हात सैल सोडा, ताई.’ ती तुझंच बघते.

बायको : हो का? आणि कानावर पेन्सिल खोचून फिरली, तेव्हा? तेव्हा दारोदार दाखवत होतात, बघा माझी लेक. आज घशात काही अडकलं तर लगेच ती माझ्यावर गेली.

नवरा : पेन्सिल गिळली नव्हती तिने.

सिस्टर : कुणाचा आवाज चढतोय इथं? आतपर्यंत येतोय. फोटो काढताना पोर हलायला नको, आणि तुम्ही बोललात की ती दचकते.

बायको : सिस्टर, श्वास नीट घेतेय ना?

सिस्टर : घेतेय. पाणीही प्यायली. बोलत नाही, एवढंच. मुळातच अबोल आहे का?

नवरा : अबोल? घरी तोंडाचा पट्टा चालू असतो.

सिस्टर : मग इथं कुलूप लावलंय. बसा गप्प. फोटो येईल एवढ्यात.

बायको : ऐकलं? तुम्ही बोललात की दचकते.

नवरा : ती दोघांना म्हणाली.

बायको : सकाळी कशावरून ओरडत होतात? भिंतीपलीकडून सगळं ऐकू आलं मला.

नवरा : सिस्टरने गप्प बसायला सांगितलंय.

बायको : आता का मूग गिळून बसलात?

नवरा : गिऱ्हाइकाच्या कपाटाचं दार होतं. पॉलिश ओलं. त्यावर तिने तुझ्या खडूने रेघा मारल्या. तू कापड कापायच्या आधी मारतेस, तशा. मी विचारलं, कुणी केलं. नुसतं विचारलं.

बायको : तुमचं नुसतं मला माहीत आहे.

नवरा : बोलेना. मान खाली, ओठ घट्ट. मला वाटलं, हट्ट करतेय. म्हटलं, तोंड उघड.

बायको : म्हटलं, की ओरडलात?

नवरा : हातोडी आपटली. टेबलावर.

बायको : चार वर्षांच्या पोरीसमोर.

नवरा : तिच्या अंगावर नाही आपटली.

बायको : उपकार झाले.

नवरा : आणि तू? ऐकू येत होतं म्हणतेस, मग आली का नाहीस?

बायको : तोंडात टाचण्या होत्या माझ्या.

नवरा : त्या नेहमीच असतात. मी काही विचारलं की आधी डबीत हात घालतेस. समोर गिऱ्हाईक नसलं तरी.

बायको : आणि मी विचारलं की तुम्ही खिळे भरता. समोर फळी नसली तरी.

सिस्टर : या दोघं इकडे. उजेडाला धरते, बघा. ह्या बरगड्या, आणि हे खाली.

बायको : गोल आहे.

नवरा : खिळा नाही.

बायको : टाचणीही नाही.

सिस्टर : टिचबटण आहे. फ्रॉकला लावतात ना, ते. टोक नाही, धार नाही, पोटात उतरलंय. डॉक्टर म्हणाले, एक-दोन दिवसांत आपोआप पडेल. पोट दुखलं किंवा उलटी झाली तर मात्र तडक घेऊन या.

नवरा : टिचबटण. म्हणजे तुझ्या डबीतलं.

बायको : तुमच्या हातोडीने गिळवलेलं.

सिस्टर : अहो, पोर सुखरूप आहे म्हटल्यावर माणसं देवाचं नाव घेतात. तुमची अजून वाटणीच चाललीय. मला एक सांगा, तिला हे कुणी सांगितलं?

बायको : काय?

सिस्टर : मी विचारलं, ते बटण खाऊ वाटलं का गं तुला? मान हलवली, नाही. मग तोंडात कशाला घातलंस? तर कानाशी येऊन म्हणते, कुणी ओरडलं की ओठांत काहीतरी धरायचं असतं. मग उत्तर द्यावं लागत नाही.

नवरा : असं म्हणाली?

सिस्टर : मलाच शिकवल्यासारखं. खिळे बाबांचे, टाचण्या आईच्या, म्हणाली. लहानांनी बटण घ्यायचं.

नवरा : मी बजावलं होतं तिला. खिळ्यांना हात लावायचा नाही.

बायको : मीही. टाचण्यांना.

सिस्टर : ऐकलं की तिने. दोघांचंही. आता जा आत, दार उघडं ठेवते मी.

नवरा : तू जा.

बायको : एकटी गेले तर विचारेल, बाबा रागावलेत का. काय सांगू?

नवरा : सांग, नाही.

बायको : तुमचे निरोप मी पोचवणार नाही. स्वतः सांगा.

नवरा : मला जमत नाही ते. सुचत नाही काय बोलायचं.

बायको : मला तरी कुठं सुचतं? आणि भावाकडे जायचं मी अजून मागे घेतलेलं नाही. लक्षात ठेवा.

नवरा : ठेवलंय.

बायको : मग चला. बघतेय ती आपल्याकडे.

नवरा : काय बघतेय?

बायको : आधी कोण बोलतं, ते.