आलं आहे, पण दिसत नाही

...आणि वर ते यंत्र मलाच विचारतं, 'तुम्हाला काय वाचायला आवडेल?' अरे, तेच तर आठ दिवस सांगतोय तुला! तुम्हाला सांगतो, मूल नावाच्या या छोट्या गावात राहून चार पुस्तकं लिहिली मी, चारही आता कुठं मिळत नाहीत, पण माझ्या आवडीची अशी चौकशी आजवर कुणी केली नव्हती.

टॅबलेट निशानं पाठवला, आमच्या मुलीनं. माझी बायको ललिता गेली त्याला दिवाळीत वर्ष होईल. निशा फोनवर म्हणाली, "बाबा, हजारो पुस्तकं फुकट आहेत, वाचत बसा, घर अंगावर येणार नाही." बसलो. आणि फुकट म्हटल्यावर माणसाचं काय होतं हो? दोनशे अकरा पुस्तकं उतरवली! मधुमेहींसाठी मिष्टान्नं, घरच्या घरी मधमाश्या, पाणबुडीची देखभाल. आता मूलमध्ये पाणबुडी? तलावात? पण बोट लावलं की कव्हरासकट लायब्ररीत हजर. हवं होतं ते एकच पुस्तक, आणि ते तेवढं... आलं आहे, पण दिसत नाही!

ते म्हणजे ललिताची वही. ती शाळेत शिकवायची आणि पावसाळ्यात रविवार आला की साडी खोचून भातशेतीच्या बांधीत उतरायची. बायका रोपांची रोवणी करताना गाणी म्हणतात ना, ती लिहून घ्यायला. घरी यायची ती गुडघ्यापर्यंत चिखल आणि वही मात्र डोक्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरडी. मला दोनदा म्हणाली, "वाचून पाहा ना." मी लेखक माणूस! म्हणालो, "ठेव टेबलावर."

असो.

वही घेऊन गेलो नदीमकडे. बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे त्याचं. त्यानं तीन आठवडे बसून टाइप केली, कन्व्हर्ट केली, म्हणाला, "झालं भाऊ, आता एकदम खरंखुरं बुक हाय, पान बी पलटते." टॅबलेटमध्ये टाकून दिलं. घरी येऊन उघडतो तर मिष्टान्नं आहेत, मधमाश्या आहेत, पाणबुडी तर सगळ्यात वर, आणि ललिताच्या 'ल'खाली कुणीच नाही. निशाला फोन केला. "बाबा, बोटानं खाली ओढा आणि सोडा." ओढलं, सोडलं. "बाबा, बंद करून चालू करा." केलं. "फाइल आली आहे का?" म्हटलं, बाई, आलं आहे, पण दिसत नाही! मग ती म्हणाली, "नदीमभाऊंना दाखवा."

पुन्हा दुकान. नदीम बघतो, डोकं खाजवतो, "काऊन दिसून नाई राह्यलं बरं?" आणि एकदम हसायलाच लागला. "अरे भाऊ, हे पा ना! 'न'मध्ये हाय!" काय होतं म्हणता? लेखक, नदीम झेरॉक्स! "मी का करू भाऊ, कम्प्युटर माह्या नावाचा, तं त्यानं बुक बी माह्याच नावानं करून टाकलं!" मला चार पुस्तकांना तीस वर्षं लागली हो, आणि हा तीन आठवड्यांत लेखक!

नाव बदललं त्यानं. ललिताचं घातलं. तिथंच स्टुलावर बसून उघडलं. पहिलं गाणं, बगळ्याला नणंद म्हणून टोमणे मारणारं. हसू आलं. पुढचं पान, 'तूर डाळ, निरमा, गॅसला फोन.' म्हटलं, नदीम, हे काय? तिनं पानांच्या पाठीमागं घरच्या नोंदी केल्या होत्या, यानं त्याही टाइप केल्या! "मले का मालूम भाऊ, कोनतं ठेवाचं, कोनतं सोडाचं? बाईच्या हातचं होतं. सोडू कसं?"

मग वाचतच गेलो. एक गाणं, एक किराणा. एक गाणं, 'यांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या.' एक गाणं, 'वही यांना वाचायला दिली.' मग दोन गाणी. 'वही परत टेबलावर ठेवली.' मग चिखलात रुतलेल्या जावेचं लांबलचक गाणं, आणि त्याच्या मागं, 'अजून टेबलावरच असते. वरून चहाचा कप ठेवतात.'

नदीम म्हणाला, "भाऊ, ते मागचं काढून टाकू का?" म्हटलं, राहू दे.

शेवटचं पान उलटलं तर यंत्र विचारतं, 'पुस्तक वाचून झालं. अभिप्राय लिहाल?' आता मला अभिप्रायाची काय भीती! लोकांच्या पुस्तकांवर पानंच्या पानं लिहिलीत मी. काचेवर बोट धरून बसलो, बसलो... शेवटी लिहिलं, 'वाचली.' बटण दाबलं, तर ते चाक आपलं गोल गोल फिरतंय. नदीम डोकावून म्हणाला, "नेट स्लो हाय भाऊ. जाऊन राह्यलं, थांबा थोडं."

थांबलोय. तुम्हाला सांगतो, गेलं असेल... पण दिसत नाही.