गव्हाच्या आधीची ज्वारी

पुरण शिजवून ठेवून गोदावरीबाई गव्हाचा डबा घेऊन गिरणीत आल्या होत्या. मागं मायलेकी ज्वारी घेऊन उभ्या होत्या.

"सुमन, जर्मनीत दोन वर्षं गव्हाबिगर खायचं काय?"

"भात, बटाटे. आणि पहिला महिना तुझ्या कडक भाकरी."

"कुनी पाव वाढला तर?"

"गहू सोसत नाही, असं आमच्या ह्यांनी जर्मनमध्ये लिहून दिलंय."

"कागद हरवला तर? तोंडपाठ कर की."

सुमननं म्हणून दाखवलं.

"आसं खेकसलीस तर पानीबी देनार न्हाईत."

"भाषाच तशी आहे, आई."

"बरं. पर आपली ज्वारी गव्हावर दळली तर? मागच्या खेपंला तेवढ्यानंच आठ दिस दवाखान्यात काढलंस."

"आत्ता ज्वारीच चाललीय. पण पुढं ह्या बाईंचे गहू आहेत."

"मग उद्या येऊ."

"उद्या निघायचंय, आई. भाकरी कधी थापणार?"

"काकू, गहू ओता," गिरणीवाला म्हणाला.

"आधी ह्यांची ज्वारी घ्या."

"तुमचा सैपाक खोळंबंल की, बाई," सुमनची आई म्हणाली.

"कसला खोळंबतोय? आमच्याकडं आज नुसता वरणभात आहे," गोदावरीबाई म्हणाल्या.