नवरदेव माशाचं पान

—नाई भाऊ, पाणी नको, आत्ताच नळाचं पेलो. बसा तुमी, बाक का माह्या बापाचा आहे. त्या जिन्यावर तुमी बाईसंगं मराठी बोलून राह्यले होते ना, चप्पल घसरते म्हणत होत्या त्या, ते ऐकलं आन मागं मागं आलो. दोन दिवस झाले हावड्याले उतरून, कानात मराठी नाई. बाई अजून आतमंधीच पाहून राह्यल्या? पाहू द्या. पाह्यासारखं का आहे पण? मी पाह्यलं सारं. टोळी करून फिरवते तो माणूस, हात लांब करून करून दाखवते — हा जिना पाहा, इथी इंग्रजाचा लाटसाहेब राहे, इथी त्याच्या बाया नाचत — आन लोक माना वर करून पाहते, तोंड उघडं टाकून, उन्हाळ्यात कोंबड्या पाहते तशे. मी म्हटलं, देशाचं सगळ्यात मोठं वाचनालय ना हे, मग पुस्तकं कुठी आहेत? तर म्हणे पुस्तकं तिकडं, दुसऱ्या इमारतीत. घ्या. म्हणजे वरात इकडं आन नवरदेव तिकडं.

तिकडंही गेलो. थंडगार. पुस्तकायले एसी, भाऊ. जुन्या कागदाले ऊन लागू नये, ओल लागू नये, वाळवी लागू नये, एक बुढा पुस्तक असा उचलत होता का जसं बाळंतिणीच्या मांडीवरचं लेकरू. आन वाचणारे किती? मी मोजले ना. अकरा. त्यातले चार झोपले होते, एकाचं तर घोरणं दारापर्यंत. लाखोनं पुस्तकं आहेत म्हणे, देशात कुठीही पुस्तक छापलं का त्याची एक प्रत इथी आलीच पाहिजे, कायदा आहे तसा. काऊन आली पाहिजे? अकरा जणासाठी? हे मले दिव्यानीनं सांगितलं होतं — दिव्यानी माही बहीण, दोन वर्षानं मोठी. ती म्हणे, निकेश, तळ्यात जाळं टाकलं का हरेक घरचा वाटा काढते ना आपल्यात, तसा हरेक पुस्तकाचा एक वाटा तिथी जाते. तिनंच पेपरातला फोटो कापून टिनाच्या दाराले चिकटवला होता, ह्याच इमारतीचा. धुरानं काळा पडला, तरी काढू दे नाई. मले म्हणे एकदा घेऊन जाशील. मी म्हटलं नेतो. आपल्याले का लागते म्हणायले?

आलो मग. एकटा आलो. दोन महिने होत आले तिले जाऊन.

नाई, तसं तोंड करू नका भाऊ, तसं तोंड लय जणायनं करून दाखवलं मले. सिकल होता तिले, रक्ताचा आजार, लहानपणापासून. रक्त कमी झालं का हातपाय आखडून येत, मग एसटीनं गडचिरोलीले न्यायचं, रक्त चढवायचं, का परत महिना-दीड महिना बरी. बारावी झालेली होती. गावात एक लोखंडी कपाट आहे, त्याले आमच्याकडं वाचनालय म्हणते, त्याची चावी तिच्याजवळ. सिकलची पोरगी कोण करते? तर ती वहीच घेऊन बसे. आमचं गाव ढिवरायचं, मासोळी धरणाऱ्यायचं, वडसा-आरमोरी रस्त्यावरून आत, तळ्याच्या काठावर. ती पाळीवर, तळ्याच्या बांधावर, बुढ्यायजवळ बसे आन माशायची नावं लिहे. बोटरी, शिंगूर, वाघूर, दाडक — कोणता कधी अंडे टाकते, कोणत्या गवतात लपते, कोणाचा काटा लागला का हात सुजते. हरेक पानाखाली लिहे, सांगणारा कोण. सोमाजीबुवानं सांगितलं तर सोमाजी, पत्रूनं सांगितलं तर पत्रू. एक दिवस मले म्हणे, तू पाण्यात असते रोज, तू सांग ना एखादा. म्या म्हटलं, लिह्य — नवरदेव मासा. का असते तो? म्हटलं, पिवळा राहते, हळद लागल्यावाणी, दोन मिश्या कपाळावरून लोंबते मुंडावळ्यायसारख्या, आन लग्नसराईत बँडचा आवाज आला का पाण्यावर येऊन नाचते. तिनं लिहून घेतलं, भाऊ. अख्खं पान. किती लांब राहते विचारलं, म्या हात करून दाखवला. सांगणारा — निकेश. मी मागून पोट धरून हासलो. असा मासा नाई ना कुठीच. मासोळीत जनम गेला माहा, असा मासा नाई.

ती वही म्या इथी पाठवली. हो ना, म्याच. तेरवी झाली आन दुसऱ्या दिवशी सायकल काढून पोस्टात गेलो, रजिस्टर केलं, पत्ता पोस्टातल्या माणसाकडून लिहून घेतला. त्याले म्हटलं, बहिणीचा वाटा आहे, तिथी पोहोचला पाहिजे. माणूस मेला का पुढच्या जाळ्याले त्याच्या नावाचा वाटा काढते आमच्यात, आन परत पाण्यात सोडते, कोणी खात नाई. तसंच समजा. मायले नाई सांगितलं. आता माय म्हणते वही कुठी आहे, मले उशाशी पाहिजे. माय म्हणजे शकुबाई — ती एक गोष्ट धरली का सोडत नाई. पेट्या उपसल्या तिनं, तांदळाची कोठी उपसली. मग गेलो वडशाले, वडशाहून गोंदिया, गोंदियाहून जनरल डब्यात, संडासाजवळ उभा, हावड्यापर्यंत.

आन हे पाहा. दिली त्यायनं. मराठीच्या विभागात एक बाई आहे, वच्छलाबाई म्हणते तिले, तिनं पोस्टाची पावती पाह्यली आन टेबलाच्या खणातूनच काढली. म्हणे आमी छापील घेतो, हातानं लिहिलेल्या वहीचं असं घेता येत नाई, परतच पाठवणार होतो. म्या म्हटलं, एवढी मोठी इमारत, एवढं ऐसपैस, आन एका शंभर पानी वहीले जागा नाई? त्या चार झोपलेल्यायले उठवा, तिथी ठेवा. हासली ती. मग म्हणे, शेवटचं पान वाचलं का तुमी? म्या म्हटलं हो.

नाई वाचलं. मले वाचता येते तसं, एसटीची पाटी येते, आठवी नापास आहे मी. पण तिचं अक्षर पळते, वरची रेघ देतच नव्हती ती. आन गावात कोणाले वाचायले द्यायचं? गावात एकानं वाचलं का साऱ्या गावानं वाचलं. तुमी उद्या निघून जाल. म्हून तुमच्याजवळ आलो, खरं सांगतो, मराठी-बिराठी सोडा.

थांबा, घेऊ नका आत्ताच. आधी ऐका, मग वाचा.

त्या मंगळवारी सकाळी ती म्हणे, निकेश, छातीत दुखते, आज जाऊ गडचिरोलीले. आन त्याच दिवशी तळ्यात मोठं जाळं होतं, पाणी उतरलं का वर्षातून एकदाच राहते. ज्याच्या घरचं कोणी पाण्यात उतरलं नाई त्याचा वाटा नाई. आमच्या घरात मी एकटाच उतरणारा. म्या म्हटलं, आज एसटी बंद आहे. असंच. आपल्याले का लागते म्हणायले? उद्या सकाळी नेतो म्हटलं. आन मी पाण्यात, कमरेइतक्या, हातात मरळ हा एवढा, आन पाळीवरून एसटी गेली. तो ड्रायव्हर आमच्या वळणावर दोनदा हॉर्न वाजवते, सवयच आहे त्याची. घरात ऐकू येते, भाऊ. अंगणात तर चांगलंच. ती अंगणात खाटेवर होती.

संध्याकाळी मासोळी घेऊन आलो. एसटीचं काई काढलं नाई तिनं. मायनं रस्सा केला, तिनं दोन घास खाल्ले, मस्त झाला म्हणे. सकाळची एसटी आली तेव्हा — तेव्हा एसटीचं काम नव्हतं. माय म्हणते, दिवसभर वहीत काईतरी लिहत होती. ते शेवटचं पान.

आता समजलं ना, काऊन पाठवली? वाटा-बिटा काई नाई. म्या म्हटलं, जिथी कोणी वाचत नाई अशा जागी जाऊन पडू दे. लाखो पुस्तकायत कोण पाहते? तर ह्यायनं तेवढीच वाचली.

घ्या. मागून उघडा. हे काळ्या पेनाचं. मोठ्यानं वाचा, पण लय मोठ्यानं नको, तो चौकीदार मघापासून पाहून राह्यला.

...

काऊन थांबले? आधी तारीख वाचा. तारीख टाके ती. — मंगळवारचीच ना. तेच. वाचा पुढं, मी तिकडं पाहतो.

"नवरदेव मासा"? ते पान तर आधीच लिहिलं होतं ना, पावसाळ्यात. दुसऱ्यांदा काऊन लिहिलं? — "मागच्या पानावरील नोंदीबाबत." बरं. — "असा मासा नाही. निकेशने थाप मारली, मला तेव्हाच कळले होते. त्याची थाप मला ऐकल्याबरोबर कळते. पान फाडू नये. निकेशला सांगू नये."

पुढं?

पुढं काईच नाई? पान पलटा. एसटीचं, हॉर्नचं — छातीचं काई? कोरं आहे? मागचा पुठ्ठा पाहा ना, पुठ्ठ्यावरही लिहे ती, दुधवाल्याचं सुद्धा लिहे. — नाई?

फक्त मासा.

दिवसभर बसून चार ओळी. छाती दुखत होती आन चार ओळी लिहिल्या, त्याही नसलेल्या माशावर. बारावी शिकून हे. कोणी लिहिते का असं, मले सांगा, अंगणात हॉर्न वाजून गेल्यावर?

ते एक परत वाचा. थाप कळते, ते. त्याच्या आधीपासून.

... नाई, राहू द्या. द्या इकडं. द्या म्हटलं ना, तुमचे हात ओले आहेत बाटलीचे, पान खराब होईल. जा तुमी. बाई आल्या पाहा, शोधून राह्यल्या तुमाले. जा भाऊ, तो जिना पाहा, तिथी लाटसाहेबाच्या बाया नाचत होत्या म्हणे. जा ना.