एकाच पानातल्या अळंब्या

मेक्सिकोतल्या डोंगराळ वाउत्ला गावच्या दवाखान्यात माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. आतून ओरडणं ऐकू येत होतं.

"वहिनी, दादा कधीपासून असा करतोय?"

"काल रात्री पोटदुखीवरच्या विधीत अळंब्या खाऊन मेणबत्ती विझवली, तेव्हापासून. भिंतीतून माणसं येताहेत म्हणतात. मलाही ओळखेनात, वन्सं."

"आपल्या घरात आजवर कुणाला असं झालं नाही. डोंगरावरून अळंब्या तूच आणल्यास ना?"

"हो."

"फिलोमेना, वाटेत मढं नाही ना दिसलं?"





"वळणावर शवपेटी नेत होते. मी पानात बांधलेल्या अळंब्या शालीखाली झाकल्या."

"झाकल्या? मढं आडवं आलं की त्या बाटतात, तिथंच टाकून यायचं असतं, शेंबड्या पोरालाही कळतं!"

"पोटदुखीनं ते तळमळत होते. दुसऱ्या कुठून आणणार होते मी?"

"बरं, आता रडू नकोस. विधी करणाऱ्या आजीलाच बोलावू. अळंब्या खाऊन तिकडे भरकटलेल्याला तीच परत आणते."

"आतून दोन आवाज येताहेत ना, वन्सं?"

"मग?"

"दुसरा आजीचाच आहे. रोग्याबरोबर तीही खाते. काल त्याच पानातल्या खाल्ल्या तिनं."